वरातीच्या गाडीची तपासणी

जुनी गाडी घ्यायला जाताना सोबत गाडीतलं कळणारा माणूस न्यावा, असा साधा नियम आहे. मला गाडी चालवता येत नाही. तरी माझे मेहुणे मुकुंदराव बारामतीकडे गाडी बघायला निघाले तेव्हा ताईने त्यांच्यासोबत मलाच धाडलं. तिला गाडीतलं कळणारा माणूस नकोच होता. "तुला आयुष्यात कधी काही पसंत पडलेलं नाही," ती म्हणाली. "तू बघून ये. तू हो म्हणालास तर यांनी खुशाल घ्यावी." मुकुंदरावांनी ही अट मुकाट्याने मान्य केली. गाडी त्यांना किती हवी होती, हे त्यावरूनच कळावं.

मुकुंदराव बँकेत अधिकारी आहेत. स्वभावाने इतके सावध की स्कूटर स्टँडवर लावून कुलूप घातल्यावरही एकदा मागे वळून बघतात. पण शाळेत असताना त्यांनी पुण्याच्या कॅम्पात एक इंग्रजी बनावटीची स्पोर्ट्स कार पाहिली होती. दोनच माणसांची, छत नसलेली, लांब नाकाची, तारांच्या चाकांची. ते तिच्यामागे दम लागेपर्यंत पळाले होते. पुढे नोकरी, लग्न, फ्लॅट, दोन मुली असं सगळं रीतसर झालं. बँकेतल्या एकाने "तसली एक गाडी बारामतीजवळ कन्हेरीत आहे, मालक विकतोय" असं सांगितलं, त्या दिवशी मुकुंदराव पुन्हा पळू लागले.

तयारी मात्र त्यांनी बँकेच्या शिस्तीने केली. रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांतून विलायती मासिकं आणली आणि असली गाडी घेताना काय काय तपासावं ते पाठ केलं. एका पिशवीत लोहचुंबक, पेचकस, विजेरी, पेन्सिल आणि पांढरा रुमाल भरला. मासिकं मीही एसटीत चाळली. सार एवढंच होतं की रंगावर विश्वास ठेवू नये, मालकावर त्याहून ठेवू नये, आणि इंजिन पूर्ण गार असताना पहिल्यांदा चालू करून बघावं. आधीच तापवून ठेवलेलं इंजिन म्हणजे काहीतरी लपवलेलं आहे. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. त्यामुळे यातलं इंजिन सोडून बाकी सगळं मला ओळखीचं वाटलं.

बारामती

बारामतीचे रस्ते रुंद आणि इतके स्वच्छ आहेत की पुणेकराला काही वेळ आपण चुकीच्या स्टँडवर उतरलो असं वाटतं. प्रत्येक इमारतीवर कोनशिला आहे. एका मुतारीवरही होती, आणि तिच्यावर मान्यवरांची नावं क्रमाने कोरलेली होती. थांबून वाचायची माझी इच्छा होती, पण आम्हाला न्यायला आलेले किसनतात्या घाईत होते.

किसनतात्या म्हणजे गाडीच्या मालकांचे शेजारी. साठीचे, काटक, मिशांना पीळ. आज्यापर्यंत घरात मेंढरं होती, आता ऊस आहे, हे त्यांनी आमची नावं विचारायच्या आधी सांगितलं. जीप बिघडली होती म्हणून ते ट्रॅक्टर घेऊन आले होते. आम्ही दोघं दोन बाजूंच्या मडगार्डवर बसलो. माळेगावच्या कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या बैलगाड्या मागे टाकत ट्रॅक्टर कन्हेरीला निघाला. हवेत मळीचा वास होता. पुण्यात आपण याला दुर्गंधी म्हणू. तात्या छाती भरून श्वास घेत म्हणाले, "हंगाम चांगला हाय."

"गाडी तुम्ही पाहिली आहे का?" मुकुंदरावांनी ओरडून विचारलं.

"पायली? अवो, गाडी आबांची, पर चालवतो म्या! त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला तवापासनं समद्या वराती म्याच काढल्यात."

"वराती?"

"मग? तसली गाडी आनि कशाला असती?"

मुकुंदरावांनी माझ्याकडे बघितलं. मी उसाकडे बघितलं.

कन्हेरी

गाडीच्या मालकांच्या, म्हणजे आबांच्या, फाटकासमोर मांडव होता. मांडवात प्लास्टिकच्या खुर्च्या, खुर्च्यांवर गाव, आणि समोर टेबलावर दोन नारळ, दोन शाली, दोन फेटे. पुण्याहून गाडीचे तज्ज्ञ येणार, हे तात्यांनी सगळ्यांना कळवलं होतं. आम्हाला काही कळायच्या आत आमच्या डोक्यांवर फेटे बसले. माझा परिचय "इतिहासाचे प्राध्यापक, म्हणजी जुन्या वस्तूंतलं समदं कळतं" असा ध्वनिक्षेपकावरून करून देण्यात आला. टाळ्या पडल्या.

मधोमध गाडी होती. तिच्यावरही भरजरी शाल होती आणि शालीला रेशमी फीत. तपासायला आलेल्या माणसाच्याच हस्ते त्या वस्तूचं अनावरण व्हावं, असा प्रसंग मी तरी आधी पाहिला नव्हता. मुकुंदराव पुढे झाले. तेवढ्यात मला दिसलं की शालीखाली काहीतरी थरथरतं आहे.

"इंजिन चालू आहे?" मुकुंदराव कळवळून म्हणाले.

"व्हय तर!" तात्या म्हणाले. "सकाळधरनं चालू ठिवलीया."

"पण मला गार इंजिन बघायचं होतं हो."

मांडवातल्या माना तात्यांकडे वळल्या. तात्यांच्या चेहऱ्यावर खरोखरची वेदना होती. "पावणं, तुमी पुण्यास्नं येनार, आन् आमी तुमाला गार गाडी दावायची? चा तरी गार देतो का आमी?"

यावर मासिकात काही दिलेलं नव्हतं.

मागच्या खुर्चीवरून एक वयस्कर गृहस्थ काठी टेकत उठले. जाड चष्मा, धुवट पांढरा सदरा, खिशाला पेन. "इंजिन बंद कर, किसन," ते म्हणाले, आणि आमच्याकडे वळून, "मी सोनवणे. पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होतो. या समारंभाबद्दल माफ करा. मला विचारलं असतं तर मी नको म्हणालो असतो, म्हणून यांनी विचारलं नाही." गावात त्यांना आबा म्हणतात. मला ते तिथल्या तिथे आवडले, आणि मला माणसं सहसा आवडत नाहीत.

शाल निघाली. गाडी लाल होती, पण ज्या लाल रंगाने आबांचं फाटक, खिडक्यांचे गज आणि पाण्याची टाकी रंगवली होती, तोच लाल. पुढच्या नाकाडावर फुलांच्या माळा अडकवायला कायमचे पितळी हुक ठोकलेले होते. नंबराच्या पाटीपेक्षा 'शुभविवाह' ही पाटी मोठी होती. हॉर्न एसटीचा असावा. मासिकातल्या चित्रांपैकी एकही मला आठवलं नाही. पण मुकुंदरावांना आठवलं असावं, कारण त्यांनी तिच्याभोवती पूर्ण एक फेरी मारली.

मग त्यांनी पिशवी उघडली आणि गाव पुढे सरकलं.

पहिल्यांदा लोहचुंबक. पत्रा गंजून गेल्यावर लांबीचा लगदा भरून वर रंग फासलेला असेल, तर तिथे चुंबक धरत नाही. मुकुंदरावांनी तो रुमालात गुंडाळून दाराला लावला. तो खाली पडला. दुसऱ्या दाराला लावला. तिथेही पडला. तात्या आनंदाने लोकांकडे वळले. "बघा! लोखंडच न्हाय, तर गंजंल कुठनं?"

मग चाकांच्या तारा. पेन्सिलीने हलकेच वाजवून आवाज ऐकायचा. सैल तार बद्द वाजते. मुकुंदराव चाकाला कान लावून एकेक तार वाजवू लागले आणि कोपऱ्यातल्या दोन म्हाताऱ्यांनी डोळे मिटून मान डोलवायला सुरुवात केली.

मागच्या झाकणावर मधोमध परातीएवढा खड्डा होता. "अपघात?" मुकुंदरावांनी विचारलं.

"न्हाय, नवरदेव," तात्या म्हणाले. नवरदेव सीटवर बसला तर दिसत नाही, म्हणून तो मागच्या पत्र्यावर बसतो, पाय सीटवर सोडतो. वर्षानुवर्षांच्या नवरदेवांनी तो पत्रा आपल्या वजनाने घडवला होता.

मासिकाने सर्वात जास्त भीती घातली होती ती दारांखालच्या पोकळ पट्ट्यांची. पाणी निथळून जायला तिथे भोकं असतात. ती तुंबली की पाणी साचतं आणि सांगाडाच गंजतो. मुकुंदराव गाडीखाली आडवे झाले आणि पेचकस भोकात घातला. आतून धान्य पडू लागलं. आधी चिमूटभर, मग मूठभर. पिवळे, तांबडे, काळे पडलेले तांदूळ. अक्षता. नवरदेवांच्या फेट्यांतून, शालूंच्या निऱ्यांतून, करवल्यांच्या मुठींतून गाडीत पडलेल्या, आणि दर पावसाळ्यात फुगलेल्या.

आबा वाकून बघत होते. "आम्हा बौद्धांच्या लग्नांत फुलं टाकतात," ते म्हणाले. "ती वाळून उडून जातात. या तुमच्या अक्षता मात्र घर करून राहतात."

इंजिन गार व्हायला वेळ होता. त्यावर ओलं पोतं टाकून आम्ही जेवायला बसलो. बाजरीची भाकरी, हुलग्याचे शेंगोळे, खर्डा, आणि शेवटी काकवी. वाढायला असलेल्या आबांच्या पुतणसुनेने "अजून घेणार का?" असं एकदाही विचारलं नाही, आमच्याकडे पुण्यात तो प्रश्न 'नको' हे उत्तर गृहीत धरून विचारतात. मी शेंगोळ्यांना हो म्हणालो, आणि मुकुंदराव आशेने माझ्याकडे बघू लागले.

"गाडी चालली किती कमी आहे!" ते मला हळूच म्हणाले. "आकडा पाहिलात का?"

आबांनी ते ऐकलं. "आकडा खरा आहे," ते म्हणाले. "फिरवलेला नाही. पण फसू नका. ही गाडी दोन्ही तालुक्यांतल्या गावोगावी जाऊन आली, बारामतीतही आणि इंदापुरातही. सगळीकडे ट्रॉलीतून."

वरातीच्या गावी गाडी चालवत न्यायची नाही, अशी इथली पद्धत. ती ट्रॉलीत चढवून नेतात, वेशीवर उतरवतात, पुसतात, सजवतात, आणि मग ती बँडच्या मागे माणसाच्या चालीने गावातून फिरते. परत ट्रॉलीत. धावायला म्हणून बनवलेली ही गाडी कित्येक वर्षं पहिल्या गिअरच्या पुढे गेलेली नव्हती. तो गिअर आणि क्लच झिजून गेले होते; बाकीचे गिअर जवळजवळ कोरे.

"पण तुम्ही घेतली ती चालवायलाच ना?" मुकुंदरावांनी विचारलं.

"धरणाच्या कामावर एक परदेशी सल्लागार होते. ते मायदेशी जाताना मी घेतली. तिथून कन्हेरीपर्यंत मी ती चौथ्या गिअरमध्ये आणली. डोक्यावरची टोपी उडाली, तर थांबलो नाही." आबा हसले. मग ताटातली काकवी बोटाने सारखी करत म्हणाले, "आठवडाभरात गावातले एक बडे गृहस्थ गाडी मागायला आले. मुलाची वरात होती. त्यांच्या ओट्यावर माझ्या वडिलांना कधी बसता आलं नव्हतं. ते आमच्या ओट्यावर येऊन बसले, चहा प्यायले, दुसरा कप मागितला. नाही कसं म्हणू? मग दुसरे आले. मग रांगच लागली. कोणालाच नाही म्हणालो नाही. तेव्हापासून गाडी पहिल्या गिअरमध्ये आहे."

"आबा, आता ते कशाला?" तात्या पुटपुटले.

"का? तुझ्या थोरल्याची वरात याच गाडीतून गेली. तूही बसलाच होतास की ओट्यावर."

"बसलो हुतो. आन् तुमी लई वेळ ताटकळत ठिवलं हुतं."

"ठेवलं होतं," आबा समाधानाने म्हणाले.

आता मुलगा पुण्यात, त्याला सामानाला जागा असलेली गाडी लागते. डॉक्टरांनी आबांना गाडी चालवायला बंदी केलेली. इंदापूरच्या एका हॉटेलवाल्या शेठनी गाडीला मागणी घातली होती. पैसा ते जास्त देत होते, पण त्यांना ती हॉटेलासमोर चौथऱ्यावर उभी करायची होती, भोवती कारंजी. आबा त्यावर रोज विचार करत होते आणि रोज उत्तर पुढे ढकलत होते.

दुपारी इंजिन गार झालं. मुकुंदरावांनी चावी फिरवली. काही झालं नाही. पुन्हा फिरवली. लांबून एक बकरी ओरडली. "सांगितलं हुतं," तात्या म्हणाले, "गार झाली की रुसती." मग सगळ्या गावाने सवयीने हात लावले, गाडी ढकलली, आणि निळ्या धुराचा एक लोट सोडत ती सुरू झाली. निळा धूर म्हणजे इंजिन तेल पितं. मी ते मनात नोंदवलं. ताईला सांगण्यासारखं आता माझ्याकडे बरंच जमलं होतं.

मुकुंदराव आणि मी बारामतीच्या रस्त्याने निघालो. त्यांना दुसरा, तिसरा गिअर टाकून बघायचा होता. पण या भागात ही गाडी दिसली की तिच्यापुढे नाचायचं असतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. उसाच्या फडातून परतणारी माणसं गाडी बघताच रस्त्याच्या मधोमध आली आणि बँड नसताना नाचू लागली. मुकुंदरावांनी हॉर्न वाजवला, तर त्याच्या तालावर नाचू लागली. फेटे काढायला आम्ही विसरलो होतो, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

एका वस्तीसमोर एक आजी तांब्या घेऊन गाडीच्या चाकांवर पाणी घालायला आल्या. त्यांनी मुकुंदरावांना निरखून पाहिलं. "नवरदेव जरा पिकल्याला दिसतुया."

"आजी, वरात नाही ही. गाडी बघायला आलोय."

"बघा की. आमच्या येळी आधी नवरी बघायचे." मग माझ्याकडे बोट करून, "आन् ह्यो करवला व्हय?"

दुसरा गिअर आम्हाला त्या दिवशी पडला नाही.

परत आल्यावर आबा म्हणाले, "उद्या बावड्याला किसनच्या भाच्याची वरात आहे. मी शब्द दिलाय. ती झाल्यावर पुढचं बोलू. आणि मुकुंदराव, उद्या गाडी तुम्ही चालवा."

तात्या ताडकन उठले. "आबा! सोताच्या भाच्याची वरात, आन् परका मानूस?"

"बघू तरी, यांना गाडी पाहिजे की गाडीचं चित्र."

मुकुंदराव गाडी तपासायला आले होते. आता त्यांचीच तपासणी सुरू झाली होती.

बावडा

दुसऱ्या दिवशी गाडी ट्रॉलीतून आणि आम्ही एसटीने बावड्याला पोहोचलो. गाव मोठं, बाजाराचं. वेशीवर गाडी उतरवली तेव्हा तिच्याभोवती एवढी गर्दी झाली की नवरदेव काही वेळ एकटाच उभा राहिला.

वरातीत गाडी चालवणं म्हणजे तिला न थांबवता जवळजवळ थांबवून ठेवणं. पाय क्लचवर अर्धा दाबलेला, गाडी सरकते न सरकते. जरा सोडला तर ती उडी मारते आणि मागच्या पत्र्यावरचा नवरदेव चालकाच्या मानेवर येतो. मुकुंदरावांच्या मानेवर तो पहिल्याच वळणाला आला. मुंडावळ्या त्यांच्या चष्म्यात अडकल्या.

"आरं ए पावणं!" तात्या गाडीशेजारून चालत होते. "रस्त्याकडं काय बघताय? रस्ता कुठं पळून चाललाय? बँडकडं बघा!"

"पण पुढे माणसं आहेत हो!"

"मानसं बँडसंगं हालत्यात. बँडसंगं हाला!"

नवरदेव शांतपणे म्हणाला, "काका, मी धरून बसतो. तुमी घाबरू नका."

मी गर्दीत चालत होतो. ठरलेल्या ठिकाणी, देवळापाशी, पारापाशी, पिठाच्या गिरणीपाशी, बायका कळशा घेऊन उभ्या होत्या. मला ते औक्षणाचं वाटलं. ते इंजिनासाठी होतं. प्रत्येक थांब्याला तात्या झाकण उघडत, वाफेचा फवारा उडे, लोक टाळ्या वाजवत, पाणी ओतलं जाई, आणि वरात पुढे सरके. गाडी तापते हा दोष आहे, असं तिथे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्यांच्या मते वाफ ही वरातीची शोभा होती. मी इतिहासात अनेक साम्राज्यं याच पद्धतीने चाललेली शिकवली आहेत.

गिरणीच्या पुढे मुकुंदरावांना काहीतरी सापडलं. त्यांनी खाली बघणं सोडलं. ढोलाच्या ठोक्याला पाय थोडा उचलायचा, थोडा दाबायचा. गाडी हत्तीसारखी डुलत जाऊ लागली. नवरदेवाने धरलेला हात सोडून लोकांना नमस्कार करायला सुरुवात केली. मुकुंदरावांच्या चेहऱ्यावर बँकेत कोणी कधी पाहिलं नसेल असं हसू होतं, आणि क्लचच्या जळक्या वासाने माझे डोळे चुरचुरत होते.

मांडवाशी आल्यावर तात्यांनी मुकुंदरावांच्या पाठीवर थाप मारली. "जमतंय. पर सवय न्हाय."

आबा कोणाच्या तरी ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. त्यांना एवढ्या लांबून काही दिसलं नसणार. "किती वेळा उडी मारली?" त्यांनी मला विचारलं.

"सुरुवातीला बऱ्याचदा. मग नाही."

"माझी पहिल्या वरातीत शेवटपर्यंत मारत होती," आबा म्हणाले.

इंदापूर

तिसऱ्या दिवशी सकाळी ट्रॉलीत वऱ्हाडाची भांडी आणि पाहुणे भरले होते, त्यामुळे वरातीहून परतताना गाडीला पहिल्यांदाच रस्त्याने यावं लागलं. मुकुंदरावांनी ती ट्रॅक्टरच्या मागोमाग इंदापूरपर्यंत आणली. आबा त्यांच्याशेजारी, मी भांड्यांत. सोलापूर रस्त्यावरच्या त्या शेठच्या हॉटेलापाशी आम्ही थांबलो.

शेठ भले गृहस्थ. आबा हो म्हणण्याची वाट न बघता त्यांनी चौथरा बांधून टाकला होता. त्यावर कारंज्याच्या तोट्या होत्या, झाकलेली कोनशिला होती, आणि गाडी वर चढवायला आणलेला नवाकोरा जाड दोर वेटोळं करून ठेवलेला होता. "फक्त गाडी बाकी आहे," ते म्हणाले. त्यांनी आम्हाला उजनीच्या पाण्यातले तळलेले मासे खाऊ घातले. पाठीमागे पाण्याच्या कडेला रोहित पक्षी उभे होते, एका पायावर, कुठल्याही चौथऱ्याविना. मासे उत्तम होते. तेही मी मान्य केलं.

जेवून आबा उठले. "मुकुंदराव," ते म्हणाले, "हा रस्ता सरळ आहे. मला ती एकदा चौथ्या गिअरमध्ये पाहिजे. बघायला नको, माझे डोळे गेले. नुसतं बसायचंय."

"आबा, क्लच धड नाही," तात्या म्हणाले. "पार करपलाय. आन् तो चौथा गेर किती वर्सं कुनी टाकला न्हाय."

"म्हणूनच."

मुकुंदरावांनी माझ्याकडे बघितलं. क्लच संपला तर गाडी संपली, आणि त्यासोबत त्यांचं घेणंही; ताईला हो म्हणायला मग माझ्याकडे एकही निमित्त उरणार नव्हतं. शिवाय न धावता ती सुखरूप कन्हेरीला गेली असती, तर कदाचित दुरुस्त करता आली असती. ते सावध माणूस. त्यांनी चष्मा पुसला. मग आबांसाठी दार उघडलं.

गाडीत दोनच जागा, त्यामुळे मी, तात्या आणि शेठ रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. पहिला गिअर आम्ही ऐकला. दुसरा. तिसऱ्याला गाडीच्या आवाजातली सगळी खडखड कुठेतरी गेली. मग एक मोठा 'कड्' आवाज आला, आणि लगेच असा एकसंध, खोल, सुरेख आवाज, की तात्यांचा हात आपोआप टोपीकडे गेला. लाल ठिपका उसाच्या तुऱ्यांमागे गेला आणि दिसेनासा झाला.

"पडला चौथा," तात्या हळू आवाजात म्हणाले. "म्या कदी ऐकलाच नव्हता."

आम्ही वाट बघितली. शेठनी चहा मागवला, मग पुन्हा मागवला. शेवटी तात्यांनी ट्रॉली सोडली आणि नुसता ट्रॅक्टर काढला. शेठचा दोर त्यांनी न विचारता उचलला. शेठ चौथऱ्याकडे बघत राहिले.

ट्रॅक्टर परत आला तेव्हा मागे दोराला गाडी होती. गाडीत दोघं ताठ बसले होते. आबांचे पांढरे केस उभे राहिले होते आणि चष्मा हातात होता. इंजिन बंद पडलं होतं. पण गिअर? चौथा गिअर अडकला होता, तो काही केल्या निघत नव्हता. उरलासुरला क्लच दाबून धरल्याशिवाय गाडी ओढलीही जात नव्हती, म्हणून मुकुंदराव डावा पाय दाबून बसले होते आणि कन्हेरीपर्यंत असेच बसणार होते.

"गाडी तुमची, मुकुंदराव," आबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मी काही खाली उतरत नाही. घरापर्यंत बसतो."

"मेहुणे हो म्हणाले तर," मुकुंदराव म्हणाले. अट त्या अवस्थेतही त्यांच्या ध्यानात होती. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी हॉटेलातल्या एसटीडी बूथमध्ये गेलो.

ताईला मी सगळं सांगितलं. पत्रा नाही, लांबी आहे. सांगाड्यात तांदूळ आहेत. इंजिन तेल पितं, तापतं, गार झालं की सुरू होत नाही. पहिला गिअर झिजला, क्लच जळला, चौथा अडकला. "घ्यावी असं एकही कारण मला सापडलेलं नाही," मी म्हणालो. आणि मग, का कोण जाणे, "पण मी नको म्हणत नाही," असंही म्हणालो.

बूथमधला बिलाचा लाल आकडा पळत होता.

"हे काय करताहेत आत्ता?" तिने विचारलं.

मी काचेतून बघितलं. "गाडीत बसलेत. क्लच दाबून. शेजारी ते म्हातारे गृहस्थ आहेत. दोघं हसताहेत."

"बंद गाडीत?"

"हो."

"आणि ओढतंय कोण?"

"ट्रॅक्टर."

मग ताई म्हणाली, "दोर नीट बांधलाय का ते बघ," आणि तिने फोन ठेवला.

मी बाहेर आलो. वाकून दोर बघितला, दोन्ही टोकांच्या गाठी ओढून बघितल्या, मधला भाग हाताने चाचपला. तात्या कमरेवर हात ठेवून निकालाची वाट बघत होते. त्या सबंध प्रवासात तपासलेली ती पहिली वस्तू, जिच्यात मला एकही दोष सापडला नाही. मी तसं सांगितलं.